चोवीस जुनी मशीनं आणि त्यांच्यातले कोअर: कोडनेम ओळखण्याच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि माझ्यासमोर वेगवेगळ्या वयाची चोवीस मशीनं उभी राहिली. शिवाय डबाभर सुटे प्रोसेसर. ठरवायच्या गोष्टी तीन होत्या: कुठलं मशीन विंडोज ११ च्या (मायक्रोसॉफ्ट आधार देतं त्या प्रोसेसरांच्या) यादीत बसतं, कुठल्यावर नवं लिनक्स चालेल आणि सुटा प्रोसेसर कुठल्या बोर्डात बसेल. यातलं काहीही शोधायला गेलं की कोडनेम, म्हणजे कंपनीने प्रोसेसरला आतल्या वापरासाठी दिलेलं नाव, आडवं येतं: वुल्फडेल, लिनफिल्ड, केबी लेक, पिकासो. खोक्यावर आणि स्टिकरवर ही नावं नसतात. हेच काम कुणी हाती घेणार असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी, चुकांसकट.

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सुरुवात चुकीची झाली. कॅबिनेटवरचे स्टिकर वाचून तक्ता भरायला घेतला. सात मशीनं झाल्यावर एक बायोसमध्ये (मशीन सुरू होताना बोर्डावर चालणारा मूळ प्रोग्रॅम) जाऊन पाहिलं, तर स्टिकर 'कोअर आय३' आणि आत आय५-३४७०. मधे कधीतरी कुणीतरी प्रोसेसर बदलला होता. सातही ओळी खोडल्या.

मग सरळ लाइव्ह लिनक्सचा (डिस्कवर न बसवता चालणारं लिनक्स) पेनड्राइव्ह केला आणि सुरू होणाऱ्या प्रत्येक मशीनवर एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा चालवून त्याचं उत्तर फाइलमध्ये साठवलं. एका मशीनला साधारण दहा मिनिटं. चार बोर्डांची बटण सेल मेलेली होती, त्यामुळे दर वेळी बायोसच्या सेटिंग गायब आणि पेनड्राइव्हवरून बूट होईना. सीआर२०३२ च्या चार सेल घातल्या. या प्रकल्पात विकत घ्यावं लागलं ते एवढंच आणि पुढे थर्मल पेस्टची एक नळी.

एलएससीपीयूच्या उत्तरातल्या कामाच्या ओळी पाच: व्हेंडर (कंपनी), सीपीयू फॅमिली आणि मॉडेल (प्रोसेसरचा गट आणि त्यातला प्रकार सांगणारे आकडे), स्टेपिंग (त्याच प्रकाराची सुधारित आवृत्ती) आणि फ्लॅग्ज (प्रोसेसरला कुठले आदेश येतात त्यांची यादी). मॉडेलचं लांबलचक नावही दिसतं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. का ते ८ नोव्हेंबरच्या नोंदीत येईल.

२ नोव्हेंबर

आकडे हातात आले म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. फॅमिली आणि मॉडेल वाचायचं, माझ्या यादीतून कोडनेम काढायचं. पहिल्याच फेरीत तिने एएमडीच्या एका ॲथलॉन ६४ एक्स२ ला त्याच कंपनीचा नंतरचा बुलडोझर ठरवलं. दोघांमध्ये काही वर्षांचं आणि अख्ख्या रचनेचं अंतर.

यात पाऊण दिवस गेला, म्हणून कारण नीट लिहून ठेवतो. एएमडीच्या कागदपत्रांत फॅमिलीचे आकडे षोडशमान (सोळाच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीत असतात आणि मागे 'एच' लावलेला असतो. एलएससीपीयू तोच आकडा दशमान पद्धतीत दाखवतं. बुलडोझर आणि त्याची भावंडं म्हणजे फॅमिली १५एच, दशमानात २१. ॲथलॉन ६४ च्या के८ कोअरची (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष गणना करणारा भाग) फॅमिली दशमानात १५. मी यादी भरताना '१५एच' मधला 'एच' गाळून नुसतं १५ लिहिलं होतं.

हा गोंधळ एकाच ठिकाणी नाही. फिनॉमचा के१० म्हणजे १०एच, दशमानात १६. तर १६एच म्हणजे कबिनीमधला जॅग्वार कोअर, दशमानात २२. पहिले तीन झेन १७एच मध्ये, म्हणजे २३. झेन ३ आणि झेन ४ हे १९एच मध्ये, म्हणजे २५. त्यातच इंटेलच्या ४५ नॅनोमीटर (हा आकडा जितका लहान तितकी चिपवरची जडण बारीक) कोअर २ चा मॉडेल नंबर दशमानात २३ आहे आणि षोडशमानात १७. माझ्या यादीत '१७' आणि '२३' हे आकडे एकमेकांच्या अंगावर बसले होते. विंडोजवरचा सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम हे सगळं षोडशमानात दाखवतो, त्यामुळे विंडोज असलेल्या मशीनच्या नोंदी आणखी वेगळ्या.

दुरुस्ती: सगळे आकडे दशमानात आणले आणि यादीत व्हेंडरचा रकाना घातला. व्हेंडर का, तर ढिगात एक पेंटियम ४ प्रेस्कॉटही निघाला आणि त्याचीही फॅमिली १५ च. नुसत्या फॅमिलीवर गेलो असतो तर इंटेलचा नेटबर्स्ट आणि एएमडीचा के८ एका रकान्यात बसले असते.

३ नोव्हेंबर

ॲथलॉन ६४ एक्स२ ५०००+ दोन मशीनमध्ये आहे. नाव तेच, वेग दोन्हीकडे २.६ गिगाहर्ट्झ, कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) तेवढीच. पण एक ९० नॅनोमीटरचा विंडसर आणि दुसरा ६५ नॅनोमीटरचा ब्रिस्बेन असावा अशी शंका होती, कारण एक हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) हाताला जाणवण्याइतका जास्त तापत होता.

खात्री करायला प्रोसेसरच्या पाठीवरची अक्षरं वाचू म्हटलं आणि थंड मशीनचा हीटसिंक सरळ वर ओढला. पेस्ट वाळून दगड झालेली. सॉकेटची पट्टी बंद असतानाच प्रोसेसर हीटसिंकला चिकटून बाहेर आला आणि कडेच्या सहा पिना वाकल्या. एएमडीच्या या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही. टोक पेन्सिलची शिस काढून तिच्या नळीत एकेक पिन घेऊन सरळ केली. दोन तास लागले. प्रोसेसर वाचला.

करायला हवं होतं ते असं: मशीन दहा-पंधरा मिनिटं कामाला लावून गरम करायचं, बंद करून हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू फिरवायचा, सुटला की मग उचलायचा. आणि खरं तर उचलण्याची गरजच नव्हती. आदल्या दिवशीच्या फाइलमध्ये एकाचं मॉडेल ६७ होतं, दुसऱ्याचं १०७. पहिला विंडसर, दुसरा ब्रिस्बेन. उत्तर हातात असताना मी पिना वाकवल्या.

५ नोव्हेंबर

कोअर २ चा दिवस. सुट्या प्रोसेसरचा निम्मा डबा हाच आहे.

इथे मॉडेल नंबर दोनच आठवले तरी पुरतं. १५ म्हणजे ६५ नॅनोमीटर: कॉन्रो, ॲलनडेल आणि चार कोअरचा केंट्सफिल्ड. २३ म्हणजे ४५ नॅनोमीटर: वुल्फडेल, चार कोअरचा यॉर्कफिल्ड, लॅपटॉपमधला पेनरिन. पहिल्या गटात एसएसई४.१ (जादा आदेशांचा एक संच) नाही, दुसऱ्यातल्या कोअर २ मध्ये आहे. पण एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी दोन्ही गटांत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला हे दोन्ही लागतात, नसतील तर ती बूटच होत नाही. म्हणजे यादीला बगल देऊन बसवण्याच्या युक्त्यांचाही इथे उपयोग नाही. एका ई८४०० वर हा प्रयोग करण्यात माझी संध्याकाळ गेली. फ्लॅग्जची ओळ आधी वाचली असती तर ती संध्याकाळ वाया गेली नसती.

ई६३०० ने मात्र मला खरंच थकवलं. डब्यात तीन होते. दोन कोअर २ ड्युओ, १.८६ गिगाहर्ट्झचे, एक पेंटियम, २.८ गिगाहर्ट्झचा. पेंटियमवाला वुल्फडेल, मॉडेल २३. त्याचा त्या दोघांशी आकड्यापलीकडे काही संबंध नाही. उरलेले दोघे मॉडेल १५, पण एकाचं स्टेपिंग ६ आणि दुसऱ्याचं २. स्टेपिंग ६ चा तुकडा मुळात ४ एमबी कॅशचा कॉन्रो आहे, त्यातली निम्मी कॅश बंद करून विकलेला. स्टेपिंग २ म्हणजे मुळातच २ एमबी कॅशचा ॲलनडेल. वापरताना दोघांत काही फरक जाणवत नाही. पण 'ई६३०० म्हणजे ॲलनडेल' असं एका ओळीत लिहिणारी यादी चुकीची आहे, आणि माझी यादी तशीच होती.

याच ठिकाणी मला तक्त्याचा मूळ दोष कळला. मी 'कोडनेम' असा एकच रकाना ठेवला होता आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबत होतो. कोअरची रचना, म्हणजे आदेश कसे वाचले आणि चालवले जातात त्याचा आराखडा. सिलिकॉनचा तुकडा, म्हणजे डाय, ज्यात किती कोअर आणि किती कॅश प्रत्यक्ष कोरलेली आहे. आणि बाजारात आलेलं उत्पादन, ज्यात त्या तुकड्यातलं काय चालू ठेवलं आणि काय बंद केलं. कोडनेम यातल्या कुठल्याही पातळीला लागू शकतं. 'कोअर' हे रचनेचं नाव, कॉन्रो हे डायचं, आणि केंट्सफिल्ड तर एका टोपीखाली शेजारी बसवलेल्या दोन दुहेरी-कोअर तुकड्यांचं. त्या दोन तुकड्यांना एकमेकांशी बोलायचं तर बाहेरच्या फ्रंट साइड बसवरूनच जावं लागतं. रकाना फोडून तीन केले.

क्यू६६०० दोन आहेत, दोन्ही केंट्सफिल्ड. एकाच्या पाठीवर एसएल९यूएम हा छापील कोड, स्टेपिंग बी३, १०५ वॉट. दुसऱ्यावर एसएलएसीआर, स्टेपिंग जी०, ९५ वॉट. एलएससीपीयूत हेच ७ आणि ११ असे दिसतात. छोट्या कॅबिनेटमध्ये जी० घातला, बी३ मोठ्यात. हा बदल करून पंख्याचा आवाज कमी झाला, एवढा फायदा पुरे.

८ नोव्हेंबर

'एएमडी फिनॉम II एक्स४ बी५०'. हे नाव माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. तासभर शोधलं. मग बायोस चाळताना ॲडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन (एसीसी) चालू केलेलं दिसलं आणि उलगडा झाला.

हा प्रोसेसर मुळात फिनॉम II एक्स२ ५५०. कोडनेम कॅलिस्टो. पण कॅलिस्टो नावाचा वेगळा तुकडा नाही. तो चार कोअरचा डेनेबच आहे, दोन कोअर बंद केलेला. तीन कोअरचा हेकाही तसाच, डेनेबचाच. त्या काळातल्या एसबी७१० आणि एसबी७५० साउथब्रिजच्या (बोर्डावरची साहाय्यक चिप) काही बोर्डांवर एसीसी चालू केलं की बंद कोअर जागे होत. मग बायोस त्याला असं न विकलेलं नाव देई. प्रोसेसर स्वतःबद्दल जे नाव सांगतो ते बदलू शकतं. फॅमिली १६, मॉडेल ४ हे आकडे मात्र तसेच राहिले आणि त्यांनी डेनेब हे बरोबर सांगितलं.

मशीन चार कोअरवर चालतंय तर चालू द्यावं, असा मोह झाला. सुरुवातीला सगळं ठीक दिसलं. मग एक मोठा प्रोग्रॅम चारही कोअरवर कंपाइल करायला लावला. पहिल्या वेळी विसाव्या मिनिटाला कंपायलर पडला. दुसऱ्या वेळी वेगळ्याच फाइलवर पडला. एकच चूक दर वेळी वेगळ्या जागी होत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो. मेमरी बदलून पाहिली, तेच. मग प्रोग्रॅम एकेका कोअरला बांधून चालवला. पहिले तीन तासभर शांत, चौथा बारा मिनिटांत चुकला. तापमानही पाहता येत नव्हतं, कारण बंद कोअर उघडले की या प्रोसेसरची कोअरच्या तापमानाची मापं भरवशाची राहत नाहीत. माझ्याकडे सरळ शून्य दिसत होतं.

काही डेनेब मागणीपोटी कापलेले, काही खरोखर दोषी म्हणून. हातातला कुठला, ते बाहेरून कळत नाही. जे मशीन दुसऱ्याच्या हाती जाणार आहे त्यात असा कोअर चालू ठेवणं मला पटलं नाही. एसीसी बंद केलं, पुन्हा एक्स२ ५५० झाला. तक्त्यात लिहिलं: रचना के१०, डाय डेनेब, उत्पादन कॅलिस्टो, चालू कोअर दोन.

शेजारच्या मशीनमधला ॲथलॉन II एक्स२ मात्र रेगॉर आहे, मॉडेल ६. हा तुकडा मुळातच दोन कोअरचा. त्यात उघडायला काहीच नाही. 'एएमडीचा दोन कोअरवाला म्हणजे कोअर उघडतात' असं ऐकून कुणी बायोसशी खेळत बसू नये.

१२ नोव्हेंबर

कोअर २ नंतरची इंटेलची रचना नेहालेम, दोन मशीनं. आय७-९२० म्हणजे ब्लूमफिल्ड, मॉडेल २६, सॉकेट १३६६. आय७-८६० म्हणजे लिनफिल्ड, मॉडेल ३०, सॉकेट ११५६. कोअरची रचना एकच, वापरातही दोघं सारखेच वाटतात.

फरक पडला तो भलत्याच ठिकाणी. २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषावर मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या आल्या तेव्हा इंटेलने कुठल्या कोअरला दुरुस्ती मिळेल याचा जो तक्ता काढला, तो कोडनेमनुसार होता. लिनफिल्डला दुरुस्ती मिळाली. ब्लूमफिल्ड, वुल्फडेल, यॉर्कफिल्ड, पेनरिन यांचं काम थांबवल्याचं त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. 'नेहालेम' एवढंच लिहून मी दोन्ही मशीनं एका रांगेत ठेवली होती. एलएससीपीयूच्या शेवटी असुरक्षिततेच्या ओळी येतात, तिथे दोघांची उत्तरं वेगळी दिसली म्हणून हे सापडलं. ९२० आता फक्त जाळ्याबाहेरच्या कामाला.

१५ नोव्हेंबर

या प्रकल्पातला सगळ्यात महाग दिवस. वेळेच्या हिशेबाने.

एका बी२५० बोर्डात पेंटियम होता, तो काढून सुटा आय३-८१०० घालायचं ठरवलं. चार कोअर, ६ एमबी कॅश, कागदावर आय५-७५०० च्या जवळपास जाणारा. सॉकेट दोन्हीकडे ११५१. खाच जुळली, प्रोसेसर अलगद बसला. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळा.

मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. सीएमओएस, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग, साफ केल्या. दुसरा पॉवर सप्लाय लावला. बायोस जुना असेल म्हणून पेंटियम परत घालून नवा बायोस चढवला, पुन्हा आय३ घातला, पुन्हा काळा पडदा. चार तास.

कारण असं. ११५१ हा सॉकेटमधल्या पिनांचा आकडा आहे, त्या पिनांचं काम काय याचा नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कॉफी लेक आला तेव्हा कोअर वाढले, त्यांना जास्त वीज लागणार म्हणून आधी राखीव ठेवलेल्या काही पिना वीजपुरवठ्याला दिल्या. त्यामुळे कॉफी लेकला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो. १०० आणि २०० मालिका (बी२५० त्यातलाच) स्कायलेक आणि केबी लेकसाठी. उलट दिशेनेही तेच: केबी लेक ३०० मालिकेच्या बोर्डात चालत नाही. सुदैवाने काही जळलं नाही.

मी हे आधी का ओळखलं नाही, याचं उत्तर माझ्या स्क्रिप्टमध्ये होतं. डेस्कटॉप केबी लेकचा मॉडेल नंबर १५८. कॉफी लेकचाही १५८. माझ्या यादीत १५८ पुढे 'केबी लेक' एवढंच लिहिलेलं, म्हणून आय३-८१०० च्या नावापुढेही तेच उमटलं आणि मी विश्वास ठेवला. लिनक्स कर्नेलच्या हेडर फाइलमध्येही १५८ ला केबी लेक हेच नाव आहे, कॉफी लेक शेजारच्या शेऱ्यात येतो. फरक स्टेपिंगमध्ये आहे: आय५-७५०० चं ९, सहा कोअरच्या आय५-८४०० चं १०, चार कोअरच्या आय३-८१०० चं ११.

तेव्हापासून यादीची किल्ली चार गोष्टींची केली: व्हेंडर, फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग. चारही जुळले तरच नाव लिहायचं, नाहीतर रकाना रिकामा. चुकीच्या नावापेक्षा रिकामा रकाना बरा.

लॅपटॉपमध्ये हाच प्रकार १४२ या आकड्यावर आहे. आय५-७२००यू चं स्टेपिंग ९, आय५-८२५०यू चं १०. दुसरा म्हणजे केबी लेक रिफ्रेश. कोअर तोच, दोनाचे चार केले. पण विंडोज ११ च्या यादीत ८२५०यू आहे आणि ७२००यू नाही. 'आठवी पिढी' हा शब्द इथे कोअरची रचना सांगत नाही. सहावीपासून दहावीच्या डेस्कटॉपपर्यंत इंटेलचा मूळ कोअर स्कायलेकचाच राहिला आहे.

एच११० चा एक बोर्ड होता, त्यात आय५-७५०० चालेना. हा प्रश्न मात्र खरोखर बायोसचाच निघाला. बोर्ड केबी लेकच्या आधीचा, त्याला हा प्रोसेसर माहीतच नव्हता. आधी स्कायलेकचा आय५-६५०० घालून बायोस नवा केला, मग ७५०० चालला. तोच काळा पडदा, कारण अगदी वेगळं. म्हणून सुटा प्रोसेसर घालण्याआधी बोर्डाच्या कंपनीची सुसंगत प्रोसेसरांची यादी उघडायची, त्यात बायोसची आवृत्तीही दिलेली असते. अंदाजावर काहीही नाही.

१६ नोव्हेंबर

काल काढलेला पेंटियम म्हणजे जी४५६०. केबी लेक. म्हणून त्याला 'नवं लिनक्स चालेल' या रांगेत टाकलं होतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एक्स८६-६४-व्ही३ ही पातळी लागते, म्हणजे प्रोसेसरला ठरावीक आदेशांचे संच यावे लागतात: मुख्यतः एव्हीएक्स२, एफएमए आणि बीएमआयच्या दोन्ही जोड्या. हॅसवेलने २०१३ मध्ये हे सगळं आणलं, केबी लेक त्याच्या नंतरचा, मग असणारच असं धरलं.

नाही. त्या काळातल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये एव्हीएक्स बंद ठेवलेलं असे. तुकड्यात आहे, उत्पादनात नाही. फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्सचा पत्ता नव्हता. याउलट त्याच्याहून चार वर्षं जुना हॅसवेलचा आय५ या कसोटीला उतरतो.

एफएक्स-६३०० चंही असंच. कोडनेम विशेरा, कोअर पाइलड्रायव्हर. एव्हीएक्स आहे, एफएमए आहे, एव्हीएक्स२ नाही. बाद.

यापुढे क्षमता कोडनेमवरून ठरवायच्या नाहीत, हा नियम केला. फ्लॅग्ज वाचायचे. आणखी सोपा मार्ग म्हणजे लिनक्सचा डायनॅमिक लोडर (प्रोग्रॅम सुरू करताना लागणाऱ्या लायब्ररी जोडणारा भाग) हेल्पच्या पर्यायासकट चालवायचा. शेवटी व्ही२, व्ही३, व्ही४ यांपैकी काय चालतं ते तो स्वतःच लिहितो. चोवीसपैकी व्ही३ ला उतरली नऊ.

२० नोव्हेंबर

एएमडीचे रायझेन. आता अंगवळणी पडलं होतं, म्हणून भराभर झालं. हजारातला आकडा पिढी सांगतो हा समज मात्र इथे पहिल्यांदा सोडून द्यावा.

रायझेन ५ २६०० म्हणजे पिनॅकल रिज, झेन+, मॉडेल ८. रायझेन ३ २२००जी म्हणजे रेव्हन रिज, मूळ झेन, मॉडेल १७. आकडा दोघांचाही २००० चा, पण विंडोज ११ च्या यादीत पहिला आहे, दुसरा नाही. ३२००जी म्हणजे पिकासो, झेन+, मॉडेल २४. त्याच मालिकेतला ३६०० म्हणजे मातिस, झेन २, मॉडेल ११३. ग्राफिक्स असलेले प्रोसेसर आकड्याने पुढे आणि कोअरने एक पायरी मागे, हे त्या दोन मालिकांत पक्कं दिसलं.

लॅपटॉप दोन: ५५००यू आणि ५६००यू. पहिला लुसिएन, झेन २, एल३ कॅश ८ एमबी. दुसरा सेझान, झेन ३, १६ एमबी. पहिल्याची फॅमिली २३, दुसऱ्याची २५. एकाच वर्षाच्या मालिकेत शेजारचे आकडे, आणि फॅमिलीसुद्धा वेगळी. दुकानात उभं राहून ठरवायचं असेल तर एल३ चा आकडा विचारा, तो लगेच सांगतो.

७५२०यू असलेला एक लॅपटॉप कोडनेममध्ये मेंडोसिनो निघाला. हे नाव मी १९९८ च्या सेलेरॉनसाठी पाठ केलेलं, ज्याने १२८ केबी एल२ कॅश कोअरच्याच तुकड्यात आणली होती. एएमडीने तेच नाव २०२२ मध्ये झेन २ च्या छोट्या प्रोसेसरला दिलं. शोधताना कंपनीचं नाव जोडलं नाही तर दोन्ही एकत्र येतात. ७००० मालिकेच्या लॅपटॉप प्रोसेसरांत तिसरा आकडा कोअर सांगतो: ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, ७८४०यू मधला ४ म्हणजे झेन ४. एवढी सोय आधीच्या मालिकांत असती तर माझा आठवडा वाचला असता.

२५ नोव्हेंबर

नवी तीन मशीनं शेवटी ठेवली होती. सोपी जातील असं वाटलं.

आय५-१२४०० दोन ठिकाणी होता. एकाचं स्टेपिंग २, दुसऱ्याचं ५. ॲल्डर लेकचे डेस्कटॉप तुकडे दोन आहेत: मोठा सी०, आठ मोठे आणि आठ छोटे कोअर असलेला, आणि लहान एच०, नुसते सहा मोठे कोअर असलेला. १२४०० दोन्हीतून कापला जातो. सी० मध्ये छोटे कोअर आहेत पण बंद, एच० मध्ये मुळातच नाहीत. कामात दोघं सारखे.

आय५-१३४०० तर एक पायरी पुढे. त्याचा एक प्रकार रॅप्टर लेकच्या तुकड्यातून येतो, स्टेपिंग बी०, मॉडेल १८३. दुसरा ॲल्डर लेकच्या तुकड्यातून, स्टेपिंग सी०, मॉडेल १९१. खोक्यावर दोघंही 'तेरावी पिढी'. माझ्याकडचा १९१ निघाला. तक्त्यात डायच्या रकान्यात ॲल्डर लेक, उत्पादनाच्या रकान्यात रॅप्टर लेक असं लिहिलं. ५ नोव्हेंबरला रकाने फोडले नसते तर इथे अडकलो असतो.

इथे कोअरची नावं वेगळी आणि प्रोसेसरचं नाव वेगळं, हेही पहिल्यांदा समोर आलं. ॲल्डर लेक हे सगळ्या प्रोसेसरचं नाव. त्यातला मोठा कोअर गोल्डन कोव्ह, छोटा ग्रेसमाँट. फॅमिली-मॉडेल मात्र एकच दिसतं, त्यावरून कोअर वेगळे काढता येत नाहीत. लिनक्समध्ये 'सिस' फोल्डरच्या 'डिव्हाइसेस'खाली 'सीपीयू_कोअर' आणि 'सीपीयू_ॲटम' असे दोन विभाग दिसतात, त्यात लिनक्सला दिसणारा कुठला सीपीयू मोठ्या कोअरचा आणि कुठला छोट्याचा ते कळतं. १३४०० मध्ये मोठे सहा, छोटे चार. १२४०० मध्ये दुसरा विभागच नाही.

२९ नोव्हेंबर

तेवीस मशीनं पूर्ण. प्रत्येक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: व्हेंडर-फॅमिली-मॉडेल-स्टेपिंग, कोअरची रचना, डाय, उत्पादन, चालू कोअर, एव्हीएक्स२ आहे-नाही, सॉकेट आणि चिपसेट. पुढच्या माणसाला स्टिकर वाचायची पाळी येऊ नये.

चोविसाव्याचा बोर्ड मेलेला, त्यामुळे पेनड्राइव्हचा उपयोग नाही. स्टिकर म्हणतं आय३. बोर्ड गरम होणार नव्हता, म्हणून केस वाळवायच्या यंत्राने हीटसिंक दोन-तीन मिनिटं गरम केला आणि सावकाश फिरवून काढला. इंटेलच्या या सॉकेटमध्ये लोखंडी चौकट प्रोसेसरला धरून असते, त्यामुळे तो वर आला नाही. पेस्ट पुसली. पाठीवर छापील कोड एसआर००क्यू. म्हणजे आय५-२४००. एच६१ च्या चांगल्या बोर्डात घातला, एलएससीपीयूने फॅमिली ६, मॉडेल ४२, स्टेपिंग ७ दाखवलं. सँडी ब्रिज, चारही कोअर चालू, एव्हीएक्स आहे, एव्हीएक्स२ नाही. कागद लिहून चिकटवला.